दोहा–ऑकलंड, विनावाहक

"ओ ममताना बाप, झाडू कोठे शे?" रमिलाबाईंनी मागच्या दारातून विचारलं आणि रूपचंद दचकला. तसा तो घाबरणाऱ्यातला माणूस नव्हता. एकतीस वर्षं एस.टी.ची कंडक्टरकी केलेली. तोरणमाळच्या गाडीत छप्पन्न माणसं, चार बोकड आणि एक शिवणयंत्र एका वेळी चढवून वर पुन्हा "पुढे सरका, मधे जागा शे" असं ज्याने न हसता म्हटलं, त्याची जीभ घरातल्या झाडूच्या चौकशीने टाळ्याला चिकटली. "माले काय मालूम," तो म्हणाला आणि खाटेवर जरा डावीकडे सरकला. कारण उजवीकडे, गादीखाली, झाडू होता. पहाटे त्याने स्वतःच्या हाताने तो तिथे सरकवला होता. आता त्यावर बसावं तर लक्ष्मीवर बसल्यासारखं, उठावं तर गादीचा उंचवटा दिसणार. म्हणून कुल्ला खाटेच्या कडेला टेकवून, एक पाय जमिनीवर रोवून, गर्दीच्या गाडीत तिसऱ्या माणसाने बाकावर बसावं तसा तो सात वाजल्यापासून बसून होता. आणि त्याला उद्या सकाळी सहापर्यंत असंच बसायचं होतं.

उद्या सकाळी सहा का, तर त्याचा हिशेब पक्का होता. शर्टच्या खिशात लेकीच्या, ममताच्या विमानाच्या तिकिटाची प्रत होती, चार घड्या घातलेली. परवा ती घरून निघाली, तेव्हा टीव्हीजवळ ठेवून गेली होती. दोहा नावाच्या गावाहून निघण्याची वेळ ०१:३०. ऑकलंड नावाच्या गावी पोचण्याची वेळ ०३:३०, आणि पुढे बारीक अक्षरात एकाचा आकडा, म्हणजे दुसरा दिवस. दीड ते दीड चोवीस, वर दोन, झाले सव्वीस. त्यात पहाटे ममताचा फोन आला, "नाना, बसनू विमानमा, आते फोन बंद करस," तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात चार वाजत होते. म्हणजे दीडची गाडी चारला सुटली. अडीच तास लेट. हे कळल्यावर रूपचंदला उलट जरा बरंच वाटलं होतं. विमान ही काही तरी परकी, गुळगुळीत, बोट न लागू देणारी वस्तू असेल अशी त्याची कल्पना होती. पण अडीच तास लेट सुटणारी गाडी म्हणजे घरचीच. चारला सुटली, सव्वीस तास, उद्या सकाळी सहा. ममता तोंडाने सोळा तास म्हणत होती, पण कंडक्टरने तिकिटावर विश्वास ठेवायचा असतो, प्रवाशाच्या तोंडावर नाही. तोंडाने तर मिसरूड फुटलेली पोरंही अर्धं तिकीट मागतात. शिवाय अंतर साडेचौदा हजार किलोमीटर. ते सोळा तासांत कापायचं तर ताशी नऊशेच्या वर पडत होतं, आणि इथे रूपचंदला स्पष्ट दिसलं की ही थाप आहे. थापांच्या धंद्यात त्याचा हात धरणारा नंदुरबार आगारात कोणी नव्हता. दुसऱ्याची थाप त्याला वासानेच कळे. ताशी साडेपाचशे ठीक आहे, पटतं. नऊशे म्हणजे पोरीने आईच्या जिवाला घोर नको म्हणून कमी करून सांगितलेलं. तोही तसंच करायचा. रात्री दहाला येणारी गाडी तो घरी नेहमी आठला आणत असे, बोलण्यात.

आणि झाडू? झाडूची गोष्ट त्याला स्वतःलाही सांगायची लाज वाटत होती. माणूस गावाला निघाला की तो पोचेपर्यंत घर झाडायचं नाही, त्याची पावलं पुसली जातात, हे रमिलाबाई लग्न होऊन आल्या त्या वर्षापासून म्हणत आणि त्या वर्षापासून तो त्यांची टिंगल करत आला होता. झाडू मारल्याने गाड्या उलटत असत्या तर महामंडळाने ब्रेकऐवजी झाडूच बसवले असते, असं तो आगारातल्या चहाच्या टपरीवर सांगे आणि ड्रायव्हर फत्तेसिंग हसता हसता बशीतला चहा सांडे. अपशकुनांचं तर नंदुरबारात एरवीही फारसं चालत नाही. बाहेर पडताना कोणी शिंकलं तर बाकीच्या जगात माणूस दोन मिनिटं थांबतो. इथे पौषात गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर मैलभर मिरची वाळत पडते, वाऱ्याची झुळूक फिरली की न्यायाधीशापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे शिंकतात. शिंक मोजत बसले असते तर दिवाळीनंतर या गावातून कोणी बाहेरच पडलं नसतं. अशा गावचा, असा हा माणूस. आणि पहाटे चारला फोन बंद झाल्यावर घरात जी शांतता पसरली, ती त्याला गाडी घाटात बंद पडल्यानंतरच्या शांततेसारखी वाटली. इंजिन थांबतं, आणि इतका वेळ न ऐकू आलेलं सगळं ऐकू येऊ लागतं. दाराशी उंबऱ्याच्या अलीकडे, ममताच्या चपला परवापर्यंत जिथे असत तिथे, धुळीत दोन फिकट खुणा होत्या. तिथेच कोपऱ्यात झाडू उभा होता. काही विचार केला असं नाही. त्याने तो उचलला आणि गादीखाली घातला.

"काल रातले आठेच, ह्या कोपरामा व्हता," रमिलाबाई आत येऊन म्हणाल्या. त्यांनी कोपरा पाहिला, दाराची मागची बाजू पाहिली, मग रूपचंदकडे पाहिलं. "तुम्ही तो उचला का?"

"मी कसाले उचलू? मी आयुष्यमा कधी झाडू उचला का?"

"ते बी खरं शे," असं म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या. खोलीच्या मधोमध वर्षाच्या मसाल्याची मिरची होती, एक पोतं, आजच गच्चीवर उन्हात पसरायची म्हणून तोंड सोडलेलं. पोत्याजवळ देठांचा ढीग. मिरचीचं बी फरशीवर असं उडालं होतं की पाय टाकला की कुरकुरायचं. रूपचंदने नाक दाबून धरलं. शिंक आली तर खाट हलेल, खाट हलली तर झाडूच्या काड्या कुरकुरतील.

दहाच्या सुमाराला, त्याच्या हिशेबाने, ममता पाण्यावर होती. कुठल्या तरी समुद्रावर. त्याने तापीहून मोठं पाणी पाहिलं नव्हतं. प्रकाशा गावच्या पुलावरून गाडी जाताना खाली पावसाळ्यातली तापी पाहून आपली गाडी किती लहान आहे हे त्याला दर वेळी नव्याने कळे, आणि तो पूल संपेपर्यंत तिकिटं फाडणं थांबवी. कोणाला सांगितलं नव्हतं. पूल दोन मिनिटांचा. हिचा पूल सव्वीस तासांचा. नंदुरबार–शहादा चाळीस किलोमीटर धरलं तर साडेचौदा हजार म्हणजे तीनशे साडेबासष्ट खेपा, आणि शेवटची अर्धी खेप म्हणजे गाडी मधेच कुठे तरी रानात उभी. मधे एकही थांबा नाही. चहा नाही, कोणी हात केला तरच गाडी उभी राहते तो विनंती थांबा नाही, पाय मोकळे करणं नाही, कोणाचं पोरगं ओकलं तर चिंचेखाली गाडी उभी करणं नाही. महामंडळाने एका काळी अशा गाड्या काढल्या होत्या, विनावाहक, विनाथांबा. पाटी लावून भरधाव जायच्या. रूपचंदला त्या कधी आवडल्या नाहीत. माणसं एका टोकाला भरायची आणि दुसऱ्या टोकाला ओतायची, मधे त्यांना कोणी मोजायचंच नाही. तो प्रत्येक थांब्यानंतर डोकी मोजायचा. नियम होता म्हणून नव्हे. मोजल्याशिवाय त्याचा हात घंटीच्या दोरीकडे जात नसे. आता त्या विमानात तीनेकशे माणसं असतील आणि त्यातलं एक डोकं त्याचं होतं, खिडकीजवळचं, सत्ताविसाव्या रांगेतलं. ते दर थांब्याला कोण मोजणार? थांबेच नाहीत.

"वहिनी, काय झाडू नही सापडना? मन्हा ली जा," शेजारच्या निर्मलाबाई दारात उभ्या. हातात त्यांचा झाडू, नवा, सणसणीत. रूपचंदने तो पाहिला आणि एकतीस वर्षांची नोकरी त्याच्या मदतीला धावून आली.

"वहिनी, दुसऱ्याना झाडू घरमा आणाना नही," तो गंभीरपणे म्हणाला. "शहाद्याले एक घर व्हतं. डेपोमागे. त्या बाईनी शेजारनीना झाडू आणा, एकच दिवस. घर झाडं, परत दिधा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहातस तं काय, दोन्ही घरन्या सासवा बदली गयात."

"बदली गयात म्हणजे?"

"म्हणजे हिनी सासू तिकडे जाईसनी चहा मांगे, तिनी हिकडे. कोणालेच समजेना. शेवटी पंचायत बठाडी. पण मजा अशी का दोन्ही सुना म्हनन्यात, ऱ्हाऊ द्या आशीच."

निर्मलाबाईंच्या घरी सासू होती. त्यांनी झाडूकडे एकदा विचारपूर्वक पाहिलं आणि मग, आपला नुसता घरात आणायचा की रात्रभर ठेवायचा, असं काही तरी विचारायच्या बेतात असताना त्यांना शिंक आली. रमिलाबाईंनाही आली. रूपचंदला आली तेव्हा खाट हलली आणि गादीखालून काड्यांचा कर्रर असा आवाज निघाला. तो मोठ्याने खाकरला. निर्मलाबाई झाडू घेऊन गेल्या. रमिलाबाई मिरचीच्या पोत्याशी बसल्या आणि देठ तोडू लागल्या, आणि देठ तोडताना त्यांचे खांदे हलत होते, ते हसण्याने की शिंक दाबण्याने हे पाठमोऱ्या बाईचं कळत नाही.

दुपारी जेवायचं ताट त्याने खाटेवरच मागितलं. "कंबर धरी ऱ्हायनी," तो म्हणाला, आणि तोवर ती खरोखरच धरली होती. पोर साडेचौदा हजार किलोमीटरवर परक्या म्हाताऱ्यांची सेवा करायला चालली आहे, एका वृद्धाश्रमात परिचारिका म्हणून, आणि इथे घरचा म्हातारा खाटेला चिकटला आहे, हे रमिलाबाई म्हणाल्या नाहीत. पण ताट ठेवताना त्यांनी ज्या तऱ्हेने पाण्याचा तांब्या हाताच्या अंतरावर सरकवला, त्यात ते होतं. त्याचा डोळा लागला. लहान ममता त्याच्या गाडीत, कंडक्टरच्या सीटवर, तिकिटांच्या ट्रेवर गाल ठेवून झोपलेली. सुट्टीत तो तिला तोरणमाळला न्यायचा. सात पायरी घाटाच्या वळणावळणाला तिचं डोकं इकडून तिकडे लोळे आणि गालावर ट्रेच्या कप्प्यांचे चौकोन उमटत. "नाना, तोरणमाळना पुढे काय शे?" तिने एकदा विचारलं होतं. तेव्हा खरं तर त्याला म्हणता आलं असतं, पुढे डोंगर आहे आणि मग मध्य प्रदेश. पण खरं सांगून पोरांना झोप येते, म्हणून तो म्हणाला, पुढे एक गाव आहे, तिथली माणसं आपण झोपतो तेव्हा उठतात, आणि आपल्याकडे पावसाळा तेव्हा तिथे थंडी, आपल्याकडे थंडी तेव्हा तिथे ऊन, आणि मेंढरं माणसांपेक्षा जास्त. हे सगळं त्याने जागच्या जागी रचलं होतं. आणि परवा स्टेशनवर सामान चढवताना ममता म्हणाली, "नाना, तुम्ही सांगेल गाव खरंच शे. मी तठेच चालनू." त्याला अजून कळत नव्हतं की ती त्याला खूष करत होती की त्याने आयुष्यात एकदा चुकून खरं सांगितलं होतं. या विचाराने तो दचकून जागा झाला. घड्याळात चार. झाले बारा तास. अजून चौदा. उन्हाची तिरीप पोत्यावर आली होती आणि मिरची अशी तापली होती की खोलीत श्वास घेणं म्हणजे फोडणी गिळणं.

याच घाटातली दुसरी एक आठवण होती. ती त्याने झाकून ठेवली होती, पण दाबून धरलेली शिंक येते तशी ती आली. उतारावर ब्रेक लागेना. फत्तेसिंगची मान ताठ झाली. सातपुड्यातला माणूस, संकटात त्याचे शब्द आधी संपतात. त्याने गाडी डोंगराच्या अंगाला घासली, घासत घासत नेली, आणि एका सागाला टेकवून उभी केली. सगळी सुखरूप. रूपचंदने डोकी मोजली, एकोणचाळीस. पुन्हा मोजली, पुन्हा एकोणचाळीस. आणि मग तो खाली उतरून रस्त्याच्या कडेला बसला. त्या रात्री घरी यायला अकरा वाजले. रमिलाबाईंना त्याने सांगितलं की वाटेत गाडीच्या टपावर बिबट्या बसला होता, उतरायला तयार नव्हता, शेवटी त्याला शहाद्यापर्यंतचं तिकीट फाडून दिलं तेव्हा गेला. त्या हसल्या होत्या. खूप हसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी घरात पाय ठेवू तिथे धूळ होती म्हणून तो त्यांच्यावर खेकसला होता, बाई दिवसभर घरी असते आणि साधं घर झाडून होत नाही.

दिवे लागले. रमिलाबाईंनी देवाजवळ दिवा लावला, भाकरी टाकल्या. रूपचंद खाटेवर तसाच, आता निम्मा आडवा. आठ वाजून दहा मिनिटं झाली आणि फोन वाजला. तो रमिलाबाईंचा मोठा फोन, त्यांनी पिठाच्या हाताने बोटाच्या पेराने दाबला.

"माय, मी पोचनू," ममताचा आवाज आला. "आजून विमानमाच बठेल शे."

रूपचंद ताडकन उठला. सबंध दिवसात पहिल्यांदा उठला, आणि गादीने सुस्कारा टाकला. "कोठे पोचनी?" तो फोनच्या तोंडाशी जाऊन ओरडला. "मधमाच उतारी दिधं का काय? आजून दहा तास बाकी शेतस."

"नाना, ऑकलंडले. सोळा तास सांगेल व्हतं ना मी तुम्हले."

"माले बनावू नको. कागद मन्हा खिशामा शे. सव्वीस तास लिखेल शेतस. आणि अडीच तास लेट सुटेल शे ते आल्हायदा." एस.टी. लवकर येत नाही. लवकर आलेली गाडी ही रूपचंदच्या लेखी अपघातापेक्षा संशयास्पद गोष्ट होती. पोर कुठे तरी अडकली आहे, आणि आईबापाच्या जिवाला घोर नको म्हणून थाप मारते आहे, असं त्याला लख्ख दिसलं. तिच्या आवाजात त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला, बिबट्याच्या रात्रीचा.

पलीकडे ममता हसत होती. "नाना, तिकिटवर जठे गाडी सुटस तठला टाइम लिखतस, आणि जठे पोचस तठला टाइम. लेट नही सुटनं. दोहामा दीडच वाजेल व्हतात."

"मंग तठे आते किती वाजनात?" त्याने विचारलं. हा त्याचा शेवटचा प्रश्न होता, प्रवाशाला पकडायचा; कुठे बसलास विचारायचं आणि मग थांब्यांची नावं सांगायला लावायची.

"आठे, ऑकलंडमा? पावणेचार. पहाटना. चाकं टेकनात तवय साडेतीन व्हयेल व्हतात."

त्याने खिशातून कागद काढला, चारी घड्या उलगडल्या आणि दिव्याजवळ धरला. ०३:३०. बोट त्या आकड्यावर ठेवलं. तोंड आणि तिकीट एकच बोलत होती. असं त्याच्या नोकरीत फार थोड्या वेळा झालं होतं. "मेंढरं दिसनात का?" त्याने विचारलं, आणि कागदाची पुन्हा घडी घातली.

"अंधार शे नाना. उजाडनं म्हणजे मोजस."

फोन बंद झाला. रूपचंदने गादी उचलली, झाडू काढला, त्याला कपाळ टेकवलं आणि रमिलाबाईंच्या पुढे धरला. काड्या एका बाजूला चपट्या झाल्या होत्या. "हाई ल्या," तो म्हणाला. "झाडा आते. व्हयनं."

रमिलाबाईंनी भाकरी उलथली. झाडू कुठून निघाला याचं त्यांना काही नवल वाटलेलं दिसलं नाही. "आते नही," त्या म्हणाल्या. "दिवा लायेल शे. दिवा लायावर कोणी घर झाडस का?"

"मंग सकायपासून झाडू झाडू काय करी ऱ्हायन्या व्हत्या?"

"माले गच्ची झाडनी व्हती. मिरची पसाराले. घर कोण झाडी ऱ्हायनं व्हतं? पोर रस्तामा शे आणि मी घर झाडसू?" त्यांनी भाकरी टोपलीत टाकली आणि दुसरी थापायला घेतली. "गच्ची झाडेल ऱ्हाती तं दिवसभर घरमा आशी ठसका-शिंक ऱ्हाती का? पण मी म्हनं, दखूत. मन्ही टिंगल करनारा माणूस किती टाइम बठस."

तो पाटावर बसला. कुरकुर असा आवाज झाला, मिरचीच्या बियांचा. "तुम्हले मालूम व्हतं?"

"काड्या बाहेर निंघेल व्हत्यात सकायपासून," त्या म्हणाल्या. मग थापलेली भाकरी तव्यावर टाकली. "एकतीस वरीस मी हाईच करं. तुम्ही गाडीवर गयात का घर नही झाडं. तुम्ही आठ सांगेत, मी दहा धरू. दहाले दिवा लागेल ऱ्हाये, मंग दुसऱ्या दिवशी झाडू. बिबट्या बठेल व्हता ना टपवर, त्या दिवशी फत्तेसिंगनी बायको आठे, ह्याच घरमा बठेल व्हती, अकरापर्यंत. आम्ही दोन्ही. झाडू मन्हा मांडीवर व्हता."

रूपचंदला काही तरी बोलायचं होतं. त्याने तोंड उघडलं आणि जोरात शिंक आली. आणि एकदा आली ती थांबेना, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत शिंकत राहिला. पौषातल्या नंदुरबारात माणसाच्या डोळ्यांत पाणी का आलं हे कोणी विचारत नाही, ही या गावाची फार मोठी सोय आहे. रमिलाबाईंनी त्याच्या पुढे भाकरी वाढली आणि वर तेल-मीठ टाकून तीच मिरची कुटून दिली.

सकाळी सहाच्या ठोक्याला तो उठला. घड्याळाकडे पाहिलं, त्याच्या हिशेबाने गाडी आत्ता लागत होती, अगदी वेळेवर, आणि एवढ्या मेहनतीने केलेला हिशेब वाया का घालवा. त्याने झाडू घेतला. आयुष्यात पहिल्यांदा. आधी गच्ची झाडली, मग खाली येऊन स्वयंपाकघर, मग मधली खोली. देठ, बी, धूळ, सगळं पुढे ढकलत ढकलत, दरवेळी चुकीच्या बाजूने, आपल्याच पायांवर. रमिलाबाई मागच्या दारात चहाची बशी धरून पाहत होत्या. उंबऱ्याशी येऊन तो थांबला. तिथे हातभर जागा त्याने सोडली, कोपऱ्यातली, जिथे दोन फिकट खुणा होत्या, आणि वळसा घालून केर पलीकडून बाहेर काढला.

"तेवढी जागा ऱ्हाई गई," रमिलाबाई म्हणाल्या.

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला आणि झाडू कोपऱ्यात उभा केला. "तो विनंती थांबा शे."